आयटीचं काम बाहेर देताना नातं कुठे टिकतं आणि कुठे तुटतं

प्रश्न थोडक्यात असा: एका मध्यम आकाराच्या कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरची देखभाल आणि पुढचा विकास तीन वर्षांसाठी बाहेरच्या आयटी कंपनीकडे सोपवायचं ठरवलंय. आधीच्या व्हेंडरबरोबर, म्हणजे काम घेणाऱ्या कंपनीबरोबर, वर्षभरातच भांडणं झाली आणि करार मोडला. या वेळी करार अधिक कडक करावा, दंडाची कलमं वाढवावीत, असा वरिष्ठांचा कल आहे. तेवढ्याने नातं टिकेल का? आणि चांगला व्हेंडर ओळखायचा कसा?

नीट लिहिलेला करार हवाच. पण करार कडक होता म्हणून नातं टिकलं, असं मी अजून पाहिलेलं नाही. मोडताना कोणी कोणाला किती द्यायचं, एवढं फार तर त्यातून स्पष्ट होतं. मी पहिली बारा वर्षं व्हेंडरकडे काढली, प्रोग्रॅमरपासून डिलिव्हरी मॅनेजरपर्यंत. त्यानंतरची दहा वर्षं क्लायंटच्या बाजूने व्हेंडर सांभाळतोय. म्हणजे ‘सगळं वेळेत चाललंय’ हे वाक्य मी मनात धाकधूक ठेवून बोललोय आणि पुढे समोरच्याच्या तोंडून ऐकताना ती धाकधूक ओळखलीही आहे. जी नाती मोडलेली पाहिली, त्यांतल्या फार थोड्यांत व्हेंडर खरोखर नालायक होता. बहुतेक ठिकाणी क्लायंटने कामाबरोबर कामाची समजही बाहेर पाठवली होती.

व्हेंडरकडे असताना आमच्याकडे एका वितरण कंपनीच्या बिलिंगचं काम होतं. हस्तांतर झालं तेव्हा त्यांच्याकडे ती सिस्टीम जाणणारे सहा जण होते. वर्षभरात पाच गेले, काही दुसऱ्या विभागात, काही कंपनी सोडून. पगार वाचले म्हणून सगळे खूश. तिसऱ्या वर्षी त्यांच्या हिशेब विभागाला प्रश्न पडला, की परत आलेल्या मालावरची सवलत वजा करताना सिस्टीम दोन ठिकाणी दोन वेगळ्या पद्धतींनी पूर्णांक का करते? प्रश्न आमच्याकडे आला. कोड वाचून ‘असं करते’ एवढं आम्ही सांगू शकलो. ‘का करते’ हे माहीत असलेला माणूस त्यांनीच जाऊ दिला होता. आम्ही एक अंदाज बांधला, त्यांनी तो मान्य केला, बदल प्रॉडक्शनवर, म्हणजे रोजच्या वापरातल्या सिस्टीमवर, गेला आणि पुढच्या तिमाहीत त्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या. मग चूक कोणाची, यावर चार महिने ईमेल चालले. माझ्या मते ती चूक तिसऱ्या वर्षी झालीच नव्हती. पहिल्या वर्षी ते पाच जण गेले तेव्हाच ती झाली होती. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून करार काढण्याआधी एक यादी करा: कोणती माणसं काहीही झालं तरी घरात राहणार. कोड लिहिणं, चाचण्या, सर्व्हरची देखभाल, रात्रीचा सपोर्ट हे खुशाल बाहेर द्या. पण धंद्याचे नियम ठरवणारा आणि ते कुठून आले हे सांगू शकणारा माणूस घरातला हवा. कुठली सिस्टीम कुठे जोडलेली आहे याचा नकाशा डोक्यात असलेला एक तरी आर्किटेक्ट घरातला हवा. आणि व्हेंडर सांभाळणारा माणूस पूर्णवेळ हवा. हे काम ‘बाकी कामांबरोबर बघतो’ म्हणणाऱ्याकडे दिलं, की ते महिन्याच्या एका मीटिंगपुरतं उरतं. आणखी एक फार साधी गोष्ट, जी आश्चर्य वाटावं इतक्या ठिकाणी राहून जाते: कोडची रेपॉझिटरी (सगळा कोड जिथे साठवला जातो ती जागा), क्लाउडचं खातं, डोमेन आणि ॲडमिनचे अधिकार तुमच्या कंपनीच्या नावावर असू द्या. व्हेंडरला त्यात प्रवेश द्या, मालकी देऊ नका. तुमचंच घर आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशा अवस्थेतल्या दोन कंपन्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या वाटाघाटी कशा झाल्या असतील ते वेगळं सांगायला नको.

घरातल्या माणसांचा पगार म्हणजे वाया जाणारा खर्च, असं वरिष्ठांना वाटत असेल तर त्यांना टीएसबी या ब्रिटिश बँकेचं प्रकरण सांगा. एप्रिल २०१८ मध्ये बँकेने आपली खाती नव्या सिस्टीमवर हलवली. ती बांधणारी आणि चालवणारी साबिस ही कंपनी परकीही नव्हती. तेव्हा टीएसबीची मालक असलेल्या साबादेल या स्पॅनिश बँक समूहातलीच होती. तरी हस्तांतरानंतर लाखो ग्राहकांना आपल्याच खात्यांपर्यंत पोहोचता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. पुढच्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाला व्यक्तिशः ८१,६२० पौंड भरावे लागले. ठपका होता तो बाहेर दिलेल्या कामावर पुरेशी देखरेख न ठेवल्याचा. सेवा देणारी कंपनी ‘आम्ही तयार आहोत’ म्हणते, तेव्हा ते पारखून घेण्याइतकी समज आणि माणसं आपल्याकडे असावी लागतात.

आता विक्रीच्या टप्प्याकडे येतो, कारण निम्मी भांडणं तिथेच पेरली जातात. व्हेंडरच्या आत काय चालतं हे क्लायंटला सहसा दिसत नाही. एका मोठ्या कामाचा अंदाज मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी चौदा महिन्यांचा काढला होता. सेल्सच्या माणसाने विचारलं, ‘नऊ होतील का?’ आम्ही नाही म्हणालो. प्रस्ताव नऊचाच गेला, कारण क्लायंटला वर्ष संपायच्या आत गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होणं, हवं होतं आणि दुसरा व्हेंडर दहा म्हणत होता. काम आम्हाला मिळालं. ते पंधरा महिने चाललं आणि त्यातले शेवटचे सहा महिने कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. प्रस्तावाच्या मीटिंगमध्ये क्लायंटच्या एकाने जरी ‘हा आकडा कसा काढलात, त्यामागची गृहीतकं दाखवा’ असं विचारलं असतं, तर आमच्यातला एखादा तरी खरं बोलून गेला असता. नऊ महिने हे उत्तर त्यांना आवडलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

याचं टोकाचं रूप न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. बीस्कायबी या ब्रिटिश प्रक्षेपण कंपनीने २००० साली ग्राहकसेवेची नवी यंत्रणा उभारायचं सुमारे ४ कोटी ८० लाख पौंडांचं काम ईडीएस या आयटी कंपनीला दिलं. दोन वर्षांत काम इतकं रखडलं की स्कायने ते स्वतःच्या हातात घेतलं. खटल्याचा निकाल जानेवारी २०१० मध्ये लागला: काम किती वेळात होईल याचा नीट अभ्यास झालेला नसताना तो झाल्याचं ईडीएसच्या अधिकाऱ्याने खोटंच सांगितलं होतं. करारात भरपाईची कमाल मर्यादा ३ कोटी पौंड होती, पण फसवणूक सिद्ध झाल्यावर ती मर्यादा कामी आली नाही आणि प्रकरण ३१ कोटी ८० लाख पौंडांवर मिटलं. या खटल्यातला एक प्रसंग आमच्या धंद्यात अजून चवीने सांगतात. त्या अधिकाऱ्याने आपण एमबीए असल्याचं साक्षीत सांगितलं होतं. स्कायच्या वकिलाने त्याच संस्थेतून लुलू नावाच्या एका कुत्र्यासाठी एमबीएची पदवी मागवली, आणि कुत्र्याला गुण जास्त मिळाले होते. हसून झाल्यावर लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की खटला जिंकूनही स्कायला ती यंत्रणा स्वतःच पूर्ण करावी लागली.

दराबद्दलही मोकळेपणाने सांगतो. तुमचा प्रोक्युअरमेंट (खरेदी) विभाग शेवटच्या बैठकीत दर आणखी खाली खेचेल आणि व्हेंडर ‘तुमच्यासाठी म्हणून’ मान्य करेल. तो तोटा व्हेंडर सहसा पोटात घालत नाही. समजा दहा जणांची टीम आहे: दोन ज्येष्ठ, चार मधले, चार नवे. ज्येष्ठाचा खर्च तीन, मधल्याचा दोन, नव्याचा एक धरला तर एकूण अठरा होतात. तुम्ही ते घासाघीस करून सोळावर आणलं. व्हेंडर एक ज्येष्ठ काढून त्याजागी एक नवा बसवतो; एक ज्येष्ठ, चार मधले, पाच नवे, बरोबर सोळा. टीम अजून दहाचीच आहे. तुम्ही अकरा टक्के वाचवले आणि अनुभव निम्मा केला. हे मी स्वतः एक्सेलमध्ये बसून केलेलं आहे. म्हणून दर ठरवताना टीमची रचनाही ठरवा आणि निदान दोन-तीन कळीच्या माणसांना पहिलं वर्षभर तुमच्या संमतीशिवाय हलवता येणार नाही, असं लिहून घ्या. प्रेझेंटेशनला जी हुशार माणसं आली होती, त्यांतली प्रत्यक्ष कामावर कोण येणार, हे नावानिशी विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा. आणि बाकीच्यांपेक्षा फारच कमी बोली आली तर आनंद होण्याआधी त्या व्हेंडरला बसवून काम काय समजलंय ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. बहुतेक वेळा अर्धं काम त्याला समजलेलंच नसतं, किंवा फरक तो चेंज रिक्वेस्टमधून, म्हणजे करारापलीकडच्या प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे लावून, वसूल करणार असतो.

आता करार. २०१६ साली अर्थशास्त्राचं नोबेल ऑलिव्हर हार्ट आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना करारांच्या सिद्धांतासाठी मिळालं. हार्ट यांच्या मांडणीचा गाभा आमच्यासारख्यांना रोज भेटतो: पुढे घडू शकणारं सगळं काही करारात लिहिता येत नाही, म्हणून न लिहिलेली वेळ आली की निर्णयाचा अधिकार कोणाचा, याला फार महत्त्व येतं. सॉफ्टवेअरमध्ये ही न लिहिलेली वेळ दर आठवड्याला येते. तुमच्या आधीच्या व्हेंडरबरोबर नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, पण तीन तासांच्या कामासाठी दोन आठवडे चेंज रिक्वेस्टचे कागद फिरत होते का, ते आठवून पाहा. अशा ठिकाणी क्लायंटला वाटतं, ‘एवढ्याशा कामाचेही पैसे मागतात’. व्हेंडरला वाटतं, ‘रोज थोडं थोडं फुकट करून घेतात’. दोघांचंही बरोबर असतं. माझा अनुभव असा, की दर महिन्याला ठरावीक तासांची एक थैली बाजूला ठेवावी. छोटे बदल त्यातून, तुमचा प्रॉडक्ट ओनर (काय हवं ते ठरवणारा माणूस) आणि त्यांचा टीम लीड दोघांच्या तोंडी संमतीवर, फक्त नोंद करून. थैली संपली तरच चेंज रिक्वेस्ट. या एका तरतुदीने जितकी कटकट वाचली, तितकी दंडाच्या वीस कलमांनी वाचली नाही.

फिक्स्ड प्राइस (पूर्ण कामाची ठरलेली किंमत) घ्यावं की टाइम अँड मटेरियल (लागेल तितक्या वेळाचे पैसे), हा वाद मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. काम काय आहे हे नक्की ठाऊक असेल तर पहिलं, शोधत शोधत जायचं असेल तर दुसरं. शोधायचं काम फिक्स्ड प्राइसमध्ये कोंबलं की भांडण ठरलेलंच.

दंडांबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. व्हेंडर कुठलाही दंड मान्य करण्याआधी तो किती वेळा बसेल याचा हिशेब करतो आणि ती रक्कम दरात मिसळतो. म्हणजे दंडाचा काही भाग तुम्ही आगाऊ भरलेला असतो. शिवाय दंडाची कलमं फार झाली की व्हेंडरची हुशार माणसं काम सुधारण्याऐवजी पुरावे गोळा करायला लागतात: कोणता ईमेल तुम्ही उशिरा पाठवला, कोणती मंजुरी अडकली होती. दोन्ही बाजूंचं असं झालं की पुढे काय होतं हे इंडियाना या अमेरिकी राज्याच्या प्रकरणात दिसलं. २००६ मध्ये राज्याने कल्याणकारी योजनांच्या अर्जांची व्यवस्था दहा वर्षांसाठी, सुमारे १३० कोटी डॉलरच्या करारावर आयबीएमकडे सोपवली. २००९ मध्ये करार रद्द झाला, दोघांनी एकमेकांवर दावे ठोकले आणि २०१२ च्या निकालात न्यायाधीशांनी, हा खटला जिंकण्याच्या लायकीचा पक्ष दोघांत एकही नाही, अशा अर्थाचं लिहिलं. त्यानंतरही वर्षानुवर्षं अपिलं चालू होती. दंड दोन-तीनच ठेवा, आणि जिथे तुमचा धंदा खरोखर अडतो तिथेच ठेवा.

ते कुठे अडतं हे शोधताना एसएलएच्या, म्हणजे करारात ठरलेल्या सेवेच्या पातळीच्या, आकड्यांना भुलू नका. ९९.९ टक्के उपलब्धता ऐकायला भारी वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ साधारण ४३ मिनिटं बंद. ती ४३ मिनिटं रविवारी पहाटे गेली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पगाराच्या दिवशी सकाळी अकरा वाजता गेली तर तुमचा फोन बंद पडेपर्यंत वाजेल. अहवालात दोन्ही महिने हिरवेच दिसतात. तिकिटांचं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींचंही तसंच. हजारपैकी साडेनऊशे वेळेत सुटली, ९५ टक्के, हिरवं. पण राहिलेली पन्नास तिकिटं सगळी गोदामाचीच असतील तर तिथला माणूस काय म्हणत असेल? आमच्याकडे अशा अहवालाला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं आणि कापलं की लाल. व्हेंडर खोटं बोलत नसतो, तो तुम्ही दिलेल्या मोजपट्टीनेच मोजत असतो. तिकीट बंद करण्याच्या वेळेवर मोजलंत तर तिकिटं भराभर बंद होतील आणि तीच दुसऱ्या दिवशी नव्या नंबराने उघडतील. मी आता एसएलएच्या जोडीला दर महिन्याला वापरणाऱ्या विभागांच्या पाच-सहा माणसांना एकच प्रश्न विचारतो: या महिन्यात सिस्टीममुळे तुमचं कुठलं काम अडलं? ती उत्तरं आधी वाचतो, अहवाल नंतर.

वाईट बातमी कानावर कधी येते, यावरून मी एखाद्या नात्याची तब्येत ओळखतो. ऑफशोअर, म्हणजे दूर दुसऱ्या देशात बसलेल्या, टीमच्या लीडला अडचण तीन आठवडे आधी कळलेली असते. तो मॅनेजरला सांगतो, मॅनेजर जरा सौम्य शब्दांत अकाउंट मॅनेजरला, आणि तिथे ‘किंचित धोका, उपाय चालू आहेत’ अशी पिवळी ओळ होऊन ती तुमच्या स्लाइडवर येते. तुम्हाला खरं कळतं गो-लाइव्हच्या आदल्या गुरुवारी. व्हेंडरला दोष देणं सोपं आहे, पण पहिली वाईट बातमी आणणाऱ्याला तुम्ही काय वागणूक दिलीत? मी व्हेंडरकडे असताना एका क्लायंटच्या मॅनेजर बाई होत्या. पहिल्याच महिन्यात आम्ही घाबरत घाबरत सांगितलं, की डेटा मायग्रेशनचा, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टीमवर हलवण्याचा, आमचा अंदाज चुकला, तीन आठवडे जास्त लागतील. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं आत्ता सांगितलंत. यातलं काय मागे टाकलं तर चालेल, ते आपण दुपारी बसून ठरवू.’ त्यानंतर चार वर्षं आमच्या टीममधला नवा पोरगाही त्यांना थेट फोन करायचा. दुसऱ्या एका क्लायंटकडे तशीच बातमी सांगितल्यावर वीस जणांना सीसी करून एस्कलेशन, म्हणजे वरिष्ठांपर्यंत तक्रार, आलं. तिथे पुन्हा कोणीही वेळेआधी तोंड उघडलं नाही.

दोन ठिकाणची माणसं काम करतात तेव्हा ‘हो’ या शब्दाचे अर्थही तपासून घ्यावे लागतात. ‘ऐकलं’ आणि ‘समजलं, करतो’ या दोन्हींसाठी माणसं ‘हो’च म्हणतात. ‘समजलं का?’ असं विचारण्यापेक्षा ‘आता तुम्ही हे कसं करणार ते सांगा’ असं म्हणावं. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफरच्या वेळीही हाच नियम. तुमच्या माणसाने शिकवलं आणि त्यांनी मान डोलावली, याला केटी म्हणत नाहीत. त्यांनी उलट तुमच्या माणसाला सिस्टीम समजावून सांगितली आणि एक खरा बिघाड तुमच्या मदतीशिवाय दुरुस्त करून दाखवला, की केटी झाली. यासाठी जितका वेळ कागदावर लिहिलाय त्याच्या दीडपट धरा. आणि शक्य असेल तर दोन्हीकडची मुख्य माणसं पहिल्या महिन्यात एकदा तरी एका खोलीत आठवडाभर बसू द्या. समोरासमोर बसून जेवलेली माणसं नंतर एकमेकांना तिखट ईमेल लिहिण्याआधी फोन करतात, एवढा फरक पडतोच.

निघायची वाट करार करतानाच आखून ठेवा. याला अविश्वास समजायचं कारण नाही. डिसेंबर २००२ मध्ये जेपी मॉर्गन चेसने आयबीएमबरोबर सात वर्षांचा, ५०० कोटी डॉलरचा करार केला. जुलै २००४ मध्ये बँकेचं बँक वनशी विलीनीकरण झालं आणि सप्टेंबरमध्ये करार रद्द करून काम व सुमारे चार हजार माणसं परत आत घेतली. धंदाच बदलला, म्हणून गरजही बदलली. तुमच्या तीन वर्षांत असं काही होणार नाही, हे कोण सांगणार? तेव्हा हस्तांतराला किती महिने, त्या काळात कोणत्या दराने, कोणती माणसं थांबतील, कागदपत्रं कोणत्या स्थितीत मिळतील, हे सगळं दोघंही खुशीत असताना लिहा. मग दर सहा महिन्यांनी त्यातला एखादा छोटा भाग खरंच करून बघा. एखादं मॉड्यूल त्यांच्या कागदपत्रांवरून तुमच्या माणसाला बांधता येतं का? येत नसेल तर कागदपत्रं नुसती शोभेची आहेत.

राहता राहिला निवडीचा प्रश्न. प्रत्येक व्हेंडर तुम्हाला तीन संदर्भ देईल आणि तिन्ही ग्राहक त्यांचं कौतुकच करतील. यादी त्यांनीच निवडलेली असते. त्याऐवजी गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांना सोडून गेलेल्या एखाद्या ग्राहकाशी गाठ घालून द्यायला सांगा. बरेच जण टाळतील. जो व्हेंडर नाव देईल, त्याच्या त्या जुन्या ग्राहकाला एकच विचारा: सोडताना तुमचा कोड, तुमचा डेटा आणि तुमची कागदपत्रं किती दिवसांत हातात आली?